जुना कॅरव्हॅन कमी खर्चात उभा करायचा आहे (सांगली, दोन चाकी, पुराचं पाणी लागलेला)

हरिपूर_रोड

मंडळी, आधी सगळी माहिती देतो, प्रश्न शेवटी.

जुना ओढायचा कॅरव्हॅन आहे, म्हणजे गाडीमागे जोडायची चाकांवरची खोली. ड्रॉबार (पुढचा ओढायचा दांडा) सोडून खोली साडेअकरा फूट लांब, साडेसहा फूट रुंद. बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लाय, मधे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि पोकळीत थर्मोकोल. खाली लोखंडी चॅनेलची चासी, एक ॲक्सल, पाटे (लीफ स्प्रिंग). पुढे ओव्हररन ब्रेकचा कपलर (ओढणाऱ्या गाडीच्या बॉलवर बसणारा जोड, ट्रेलरने पुढे रेटलं की त्याचा दांडा आत जाऊन ब्रेक लागतात). आरसी बुक आहे, मुदत संपलेली.

२०१९ च्या महापुरात पाणी फरशीच्या चार बोटं वर होतं, तेव्हापासून गाडी शेडमधे उभी. दाराशी फरशी दबते. डाव्या मागच्या कोपऱ्यात आतला प्लाय वरून खाली काळा पडलाय, बोट सहज आत जातं. छत वरून ठीक दिसतं. खिडक्या चार, रबर लाकडासारखं कडक. वजन काट्यावर केलं, ६२० किलो भरलं.

बजेट दीड लाख. ओढायला बोलेरो. दोन माणसं, कास, कोयना, महाबळेश्वर बाजूला फिरायचं. आतलं फर्निचर करायला सुतार तयार बसलाय, १८ मिमी प्लाय म्हणतोय. सुरुवात कुठून करू?

कुपवाड_लेथ

सुताराला सध्या घरी पाठवा. त्याचं काम सगळ्यात शेवटी.

पुरातून निघालेल्या गाडीत पहिला संशय हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या घरावर. पाणी ओसरलं तरी बारीक गाळ ऑइल सीलच्या आत राहतो, ग्रीस दुधाळ होतं आणि बेअरिंग जागच्या जागी गंजतं. अशी गाडी ओढून गॅरेजला नेऊ नका. जागेवरच चाकं उतरवा. जॅक ॲक्सलखाली, पाट्याच्या बैठकीजवळ लावायचा. फरशीखाली लावलात तर कुजका सांगाडा वर येईल आणि चासी खालीच राहील. दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून लाकडी ओट, आणि नुसत्या जॅकवर भरवसा नको, स्टँड लावा.

हब काढला की दोन टेपर बेअरिंग निघतील, आतलं मोठं, बाहेरचं लहान. रॉकेलमधे धुऊन कोरडी करा. रोलरवर आणि कपवर तपकिरी ठिपके किंवा नखाला लागणारे खड्डे दिसले तर कोन (रोलरसकट आतला भाग) आणि कप (बाहेरची कडी) दोन्ही बदलायचे. जुन्या कपमधे नवा कोन घालून पैसे वाचत नाहीत, थोड्याच दिवसात आवाज सुरू होतो. नंबर बेअरिंगच्या तोंडावर कोरलेला असतो, तो घेऊन दुकानात जा, 'कॅरव्हॅनचं बेअरिंग द्या' म्हणू नका. ऑइल सील नवीनच, स्प्रिंगची बाजू ग्रीसकडे.

ग्रीस लिथियम बेसचं, रोलरच्या मधे तळहाताने दाबून भरायचं. वरून फासलेलं ग्रीस आत जात नाही. जुनं ग्रीस पूर्ण काढा, कारण दोन जातीची ग्रीस मिसळली की पातळ होऊन सीलमधून बाहेर येतात. नट आवळताना हब हाताने फिरवत राहायचं. हब जड झाला की नट पाव फेरा मागे घ्या, मग नुसत्या बोटांनी टेकवा, स्प्लिट पिन नवीन. चाक बसवल्यावर वर-खाली धरून हलवलं तर अगदी नावापुरती ढिलाई हाताला लागली पाहिजे. अजिबात लागत नसेल तर जास्त आवळलंय, हब तापेल.

टायरच्या बाजूला चार आकडी तारीख असते, २३१४ म्हणजे २०१४ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही चांगली असो, इतकी वर्षं एका जागी उभे राहिलेले टायर काढून टाका. आणि टायर घेताना लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) बघा. १५५/८० आर १३ ला ७९ असेल तर एका टायरला ४३७ किलो, दोघांचे ८७४. तुमची गाडी सामानासकट ७५० च्या आत ठेवली तर हिशोब बसतो.

ऊसवाला_ट्रॉली

एवढं कशाला? सांगलीत ट्रॉलीवाले गल्लोगल्ली आहेत. जुनं ॲक्सल काढा, ट्रॅक्टर ट्रॉलीचं तयार ॲक्सल हबसकट टाका. आयुष्यभर बघायला नको.

कुपवाड_लेथ

दादा, ट्रॉली काही टन उसासाठी बांधलेली. तिचे पाटे ७०० किलोला वाकतच नाहीत. पाटा वाकला नाही की प्रत्येक खड्ड्याचा दणका थेट सांगाड्यात जातो. पत्र्याचे रिव्हेट ढिले, मग सांध्यातून पाणी, मग परत कुज. शिवाय नुसत्या ॲक्सलचं वजन वाढतं ते वेगळंच. पाटे कमी करून बसवलं तरी ब्रेक जुळत नाहीत.

कागद_आधी

ॲक्सल बदलायच्या गोष्टी चालल्यात म्हणून मधे बोलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीत नोंदलेल्या तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला आपल्या मनाने करता येत नाही. लांबी, ॲक्सल, एकूण वजन याला हात लावायचा असेल तर आधी आरटीओत विचारा. कुजलेलं लाकूड बदलणं, पत्रा, खिडक्या, रंगकाम ही दुरुस्ती. पण रंगाची छटा आरसीतल्या रंगाशी जुळती ठेवा. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, नंतरचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. त्यासाठी गाडी दाखवावी लागते, म्हणून दिवे, रिफ्लेक्टर, ब्रेक चालू झाल्याशिवाय अर्ज करू नका.

सगळ्यात महत्त्वाचं, चासी नंबर. बहुतेक ड्रॉबारवर ठोकलेला असतो. गंज काढणाऱ्या पोराच्या हातात ग्राइंडर देण्याआधी नंबर शोधा, सुती कापड आणि डिझेलने पुसा, फोटो काढा, वर टेप मारा. नंबर घासला गेला तर दीड लाख खर्चून अंगणातली खोली मिळेल, गाडी नाही.

हरिपूर_रोड

नंबर सापडला, उजव्या चॅनेलवर, आरसीशी जुळतोय. टेप मारला. हब उघडले, आतली दोन्ही बेअरिंग गेलेली, बाहेरची बरी दिसतात. ब्रेक ड्रमला चिकटलाय. चासीला मागच्या क्रॉसमेंबरवर (आडव्या पट्टीवर) पापुद्रे निघतात.

कुपवाड_लेथ

बाहेरची 'बरी दिसतात' ती पण बदला, चारही नवीन.

चिकटलेला ड्रम ओढून काढू नका, लायनिंग (ब्रेकचा घासणारा थर) शूवरून उखडतं. मागचा ॲडजस्टर पूर्ण ढिला करा, ड्रमच्या कडेला लाकडी ठोकळा धरून फिरवत फिरवत ठोका. आतली धूळ हवेच्या पाइपने उडवायची नाही, जुन्या लायनिंगमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा. ड्रम लेथवर हलका घासून मिळतो, फक्त कमाल व्यास ड्रमवर लिहिलेला असतो त्याच्या पुढे जायचं नाही. लायनिंग जुन्या शूवर नवीन मारून मिळतं.

कपलर तपासायची सोपी रीत. हँडब्रेक ओढून कपलरचा दांडा हाताने आत ढकला. जोर लावून, सावकाश आत गेला आणि स्वतःहून हळू बाहेर आला तर डँपर (आतला दणका झेलणारा भाग) जिवंत आहे. फुकट आत-बाहेर होत असेल तर डँपर मेला. मग प्रत्येक ब्रेकला 'धाडकन' आवाज येईल आणि पासरणी घाट उतरताना ट्रेलर बोलेरोला मागून ढुसण्या देत राहील.

क्रॉसमेंबरला हातोडी मारत जा. खणखणीत आवाज आला तर ठेवा, बद्द आला तर कापा. ५०×५०×६ चा अँगल मीटरला साडेचार किलो भरतो, म्हणून 'मजबुतीसाठी' चार आडवे जास्तीचे टाकायचा मोह नको. ड्रॉबारला पट्टी मारायची वेळ आली तर चॅनेलच्या खालच्या-वरच्या पट्टीवर आडवा वेल्ड नको, तिथूनच चीर जाते. पट्टी दोन्ही टोकांना निमुळती कापून उभ्या बाजूला, लांबीच्या दिशेने वेल्ड करा. फरशी उचललेली असतानाच वेल्डिंग उरका. थर्मोकोल आणि जुना प्लाय पेट घ्यायला ठिणगी पुरते. नंतर वायर ब्रश, इपॉक्सी झिंक फॉस्फेट प्रायमर, वर इनॅमल. पोकळ भागाला खालून निचऱ्याचं भोक हवंच.

वाई_सुतारकाम

आता सांगाडा. हरिपूर भाऊ, काळा कोपरा आहे तो पुराचा नाही. पुराचं पाणी खालून सगळीकडे सारखं चढतं. एकाच कोपऱ्यात वरून खाली काळं पडलंय म्हणजे गळती छताच्या कडेची किंवा मागच्या खिडकीची. छत 'वरून ठीक' दिसतं याला अर्थ नाही, पाणी सांध्यातून शिरतं, पत्र्यातून नाही.

काही उघडायच्या आधी पाण्याची चाचणी घ्या. एक जण आत टॉर्च घेऊन, एक बाहेर नळी घेऊन. सुरुवात खालून. आधी खालची पट्टी दहा मिनिटं, मग खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, शेवटी छताचा सांधा. वरून सुरू केलंत तर पाणी सगळीकडून उतरतं आणि कुठून आलं ते कळत नाही. जिथून येईल तिथे बाहेरून खडूने खूण.

उघडताना आतला प्लाय काढा, पत्रा शक्यतो जागेवर ठेवा. फक्त कोपऱ्याची ॲल्युमिनियम पट्टी काढून पत्रा तेवढाच मोकळा करा. काढलेल्या प्रत्येक तुकड्यावर नंबर आणि बाण, कारण हाच तुमचा नवीन प्लाय कापायचा साचा. सगळं एकदम उघडू नका. भिंती एकमेकींना धरून उभ्या असतात, तिन्ही मोकळ्या केल्या की खोली तिरकी होते आणि दार बसत नाही. आधी दोन्ही कर्ण सुतळीने मोजून लिहा.

लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचा. काळं पण टणक असेल तर वाळवून ठेवा, भुसभुशीत असेल तर त्याच्या पुढे चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा आणि तिथून एक हात आणखी तपासा. जोड सरळ कापून खिळे मारून नाही, तिरका जोड. जाडीच्या आठपट लांबीचा उतार, म्हणजे २५ मिमी पट्टीला २०० मिमी. इपॉक्सीने चिकटवून रात्रभर शिकंजा. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान मिरज-सांगलीत मिळतं, तासून पट्ट्या काढून घ्या. नव्या ओल्या लाकडापेक्षा कितीतरी बरं, फक्त खिळे शोधून काढा नाहीतर रंधा मारणारा शिव्या देईल.

माधवनगर_कर

प्लायबद्दल सुताराशी वाद घालायला आकडे घ्या. ८×४ चं १८ मिमी शीट साधारण ३७ किलो, १२ मिमी २५, ४ मिमी आठ-सव्वाआठ. वर सनमायका मारलं की प्रत्येक शीटला आणखी चार किलो. सुतार स्वयंपाकघराच्या सवयीने सहा शीट १८ मिमीची लावेल, सनमायकासकट अडीचशे किलो. तुमच्याकडे ६२० आणि ७५० च्या मधे आहेत फक्त १३०, त्यातच पाणी, अंथरूण, गॅस, बॅटरी. जुनं फर्निचर काढल्यावर आधी ते तोला, नवीन त्यापेक्षा हलकंच झालं पाहिजे.

फरशीला १२ मिमी मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा प्लाय, आयएस ७१० शिक्क्याचा. साधारण पंचाहत्तर चौरस फूट आहे, म्हणजे तीन शीट, उरलेल्यातून बाकाचे वरचे पाट. भिंतीला ४ मिमी. बाक आणि कपाटाला पट्ट्यांची चौकट आणि वर ४ किंवा ६ मिमी. शिक्का बघून घ्या आणि दुकानदारावर विश्वास नसेल तर तुकडा चार तास उकळा. सुटा झाला तर मरीन नव्हे. कापलेल्या कडांना इपॉक्सी दोन हात, पाणी कडेतूनच शिरतं.

कृष्णाकाठची

थर्मोकोल चिकटवायला सॉल्व्हेंटवालं रबर ॲडहेसिव्ह वापरू नका, थर्मोकोल विरघळून खड्डे पडतात. पाण्यावरचा पांढरा गोंद किंवा पीयू (पॉलियुरेथेन) फोम. पुरात भिजलेला जुना थर्मोकोल वाळवून परत घालण्यात अर्थ नाही, गाळ धरून बसलेला असतो. नवीन २५ मिमीचा घाला.

सांध्यांना सिलिकॉन तर अजिबात नको. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन ॲल्युमिनियमला खातं, त्यावर रंग धरत नाही, आणि पुढच्या वेळी त्या जागी दुसरं काहीच चिकटत नाही. जुनं असेल तर ब्लेडने पूर्ण खरवडा. पट्टीच्या खाली ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी), स्क्रू एका दमात न आवळता दोन-तीन वेळा थोडे थोडे, दोन दिवसांनी परत. बाहेर येईल ते प्लॅस्टिकच्या पट्टीने कापा. कडेला वरून पीयू सीलंटची बारीक रेघ. स्क्रू एसएसचे (स्टेनलेस), गॅल्व्हनाइज्ड नको. पत्रा लोखंडाला जिथे टेकतो तिथे मधे टेप हवाच, नाहीतर पांढरी भुकटी होऊन पत्रा भोकं पाडून घेतो. रिव्हेट ४.८ मिमी, बंद टोकाचे. उघड्या टोकाच्या रिव्हेटमधून थेंब आत जातो.

खिडकीचं रबर बस बॉडीवाल्यांकडे मीटरवर मिळतं, जुन्याचा तीन इंचाचा तुकडा कापून न्या. साबणाच्या पाण्यात बुडवून, सुतळी खाचेत फिरवून बसवायचं. काच हवी असेल तर टफन्ड, आणि ती माप देऊनच करून घ्यावी लागते, नंतर कापता येत नाही. हलकी हवी तर ४ मिमी ॲक्रिलिक, मग भोकं स्क्रूपेक्षा एक मिमी मोठी ठेवा. उन्हात फुगतं आणि भोकातून तडकतं.

हरिपूर_रोड

चाचणी घेतली. वाई दादा, गळती मागच्या खिडकीच्या वरच्या कडेची निघाली, छताची नाही. ताई, वायरिंगचं पण सांगा ना. सध्या आत उंदरांनी खाल्लेल्या वायरी आहेत.

कृष्णाकाठची

सगळ्या काढून फेका, जुन्याला जोड देत बसू नका.

आधी गरज मांडा. एलईडी चार, पाच वॉटचे, चार तास : ८० वॉट-तास. बारा व्होल्टचा पंखा २० वॉट, आठ तास : १६०. मोबाइल वगैरे ४०. झाले २८०, बाराने भागा, तेवीस-चोवीस अँपिअर-तास. लेड ॲसिड अर्धीच वापरायची धरली तरी ६० ची बॅटरी रेटून पुरते. इन्व्हर्टर, फ्रिज, मिक्सर यातलं काही आणलंत तर बजेट तिथेच संपलं.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज. तो बॅटरीपासून लांब बसवला तर मधली वायर घासली की आग लागते, फ्यूज बघत राहतो. पाच मीटरवर १० अँपिअर न्यायचे तर २.५ चौरस मिमी वायरीत पाऊण व्होल्ट जातो, ४ च्या वायरीत अर्ध्याच्या आत. दिव्यांना १.५ पुरे. जोड वळून टेप मारलेले नकोत, क्रिंप करा (टर्मिनल दाबून बसवा). लोखंडी कडेतून जाताना रबर ग्रोमेट (भोकात बसणारी कडी). बॅटरी झोपायच्या जागेखाली ठेवणार असाल तर डबा बंद आणि नळी बाहेर, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

मागच्या दिव्यांच्या सात पिनी सॉकेटचा जुना युरोपियन क्रम : १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी मागचा फॉग, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. इंडिकेटर दिला की ब्रेक दिवा मिणमिणतो अशी तक्रार आली तर दहातल्या नऊ वेळा ३ नंबरची अर्थ गंजलेली असते. कपलरच्या लोखंडावर अर्थ सोडू नका.

घाटमाथा_पाटण

गॅसचं कोणी बोललं नाही. सिलिंडर पाच किलोचा, बाहेरून उघडणाऱ्या खणात, खणाच्या तळाला भोक. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की फरशीवर साचतो, म्हणून खोलीत पण दाराजवळ फरशीच्या पातळीला जाळी हवी आणि छताला एक. थंडी वाजते म्हणून ती जाळी बुजवणारे भेटतात. शेगडी पेटलेली ठेवून झोपायचं नाही, आणि चालत्या गाडीत व्हॉल्व्ह बंद. चालत्या ट्रेलरमधे माणूसही बसवू नका.

कुपवाड_लेथ

ओढायचं राहिलं. बोलेरोच्या मॅन्युअलमधे ओढायचं वजन काय दिलंय ते आधी बघा. हुकवाला काय म्हणतो ते प्रमाण नाही.

बोलेरोची मागची बाजू उंच, कॅरव्हॅनचा कपलर खाली. सरळ जोडलात तर ट्रेलरचं नाक वर. नाक वर म्हणजे पुढचं वजन कमी, आणि ऐंशीच्या वेगाला शेपूट डोलायला लागतं. युरोपियन कपलरसाठी भरलेल्या गाडीवर बॉलचा मध्य जमिनीपासून ३५० ते ४२० मिमी असतो, तेवढी खाली येणारी प्लेट करून घ्या. बॉल ५० मिमी. दोन इंची म्हणून मिळतो तो ५०.८, जुन्या कपलरमधे अडकतो.

नाकाचं वजन तोलायला घरातला वजनकाटा आणि त्यावर कपलरच्या उंचीचा लाकडी ठोकळा. गाडी सपाटीला, सामान भरून. युरोपात एकूण वजनाच्या सात टक्क्यांच्या आसपास ठेवतात, ७५० ला बावन्न किलो. कमी भरलं तर पाण्याचा कॅन मागून ॲक्सलच्या पुढे आणा. जास्त भरलं तर उलट. बॅटरी आणि पाणी कुठे ठेवायचं हे सुताराला बोलावण्याआधी असं ठरवायचं, म्हणून त्याला शेवटी म्हटलं.

माधवनगर_कर

दीड लाखाची वाटणी माझ्या मते अशी : चासी, हब, ब्रेक, टायर यांना साठ. लाकूड, प्लाय, पत्रा, सीलंट, खिडक्या पन्नास. वायरिंग पंधरा. रंग दहा. राहिलेल्या पंधरा हजारात गादी, पडदे आणि सुतार. मजुरी बाहेर दिली तर हे बसणार नाही, पत्रा आणि प्लायचं काम स्वतः करायला लागेल. रंगात वाचवायला जाऊन ॲल्युमिनियमवर रेड ऑक्साइड मारू नका, पापड्या निघतात. आधी वॉश प्रायमर. छत आरसीच्या रंगात बसत असेल तर पांढरं, सांगलीच्या एप्रिलला तेवढाच आधार.

हरिपूर_रोड

सुताराला सांगितलं, दिवाळीनंतर ये. तोंड पाडून गेला. एकच राहिलं, मागे घेताना ओव्हररन ब्रेक लागतो, गाडी मागे जातच नाही. हे बिघाड आहे का?

कुपवाड_लेथ

नाही, जुन्या कपलरचा स्वभाव आहे. मागे घेताना बोलेरो कपलर आत ढकलते, त्यामुळे ब्रेक लागतात. जुन्या प्रकारात कपलरवर एक खटका असतो, गाडीतून उतरून तो हाताने आडवा केला की दांडा आत जात नाही. पुढे निघालात की तो आपोआप पडायला हवा, गंजून अडकला असेल तर पुढे जाताना ब्रेकच लागणार नाहीत. डिझेल टाकून मोकळा करा आणि घाटाला निघण्याआधी सपाट मैदानात तपासा. ब्रेकअवेची (ट्रेलर सुटला तर त्याचा ब्रेक ओढणारी) बारीक तार बॉलच्या मानेत नुसती अडकवू नका, बॉल तुटला तर तारही त्याच्याबरोबर जाते. बोलेरोच्या चासीला वेगळी कडी वेल्ड करून घ्या. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि पाट्याचे यू-बोल्ट परत आवळा, हबवर हात ठेवून बघा. कोमट चालेल, हात टिकत नसेल तर तिथेच थांबा.

ऊसवाला_ट्रॉली

यू-बोल्ट आवळायला माझ्याकडे या, पाना आहे. ॲक्सल मागणार नाही.